अनुभवाचा विचार अनुभवाशिवाय करता येतो का?

खानापूर_नाका (धागाकर्ता)

आपल्या बेळगावच्या खानापूर तालुक्यात तळेवाडीजवळ बारापेडे नावाची गुहा आहे, आता भीमगड अभयारण्यात येते ती. तिथल्या वटवाघळाच्या एका जातीचं शास्त्रीय वर्णन ओल्डफील्ड थॉमस या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने १९१३ साली केलं, आणि पुढे कित्येक दशकं ही जात जगात फक्त याच गुहेतली म्हणून माहीत होती. नंतर ती मेघालयात आणि कंबोडियातही सापडली.

हा प्राणी अंधारात आवाज सोडतो आणि परत आलेल्या प्रतिध्वनीवरून किडा कुठं आहे ते ओळखतो. त्या आवाजाची वारंवारता मोजता येते, मेंदूतल्या कुठल्या भागात काय घडतं तेही शोधता येतं. पण प्रतिध्वनीतून किडा जाणवतो तेव्हा ते जाणवणं त्या वटवाघळाला कसं असतं? थॉमस नेगेल या तत्त्वज्ञाने १९७४ साली नेमका हाच प्रश्न एका लेखात विचारला आणि तिथून जाणिवेवरची आजची चर्चा पेटली. नेगेलच्या नावावर ‘मन शरीराहून वेगळं आहे’ असं विधान खपवलं जातं. तसं तो म्हणाला नव्हता. मन म्हणजे शरीरातलीच घडामोड हे खरं असेलही, पण ते खरं असणं म्हणजे काय हेच आज आपल्याला समजत नाही, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

मला या धाग्यात वटवाघळापेक्षा आपल्याबद्दल बोलायचं आहे. आपण स्वतःच्या जाणिवेचा विचार करतो तो कशाने करतो?

दाढ ठणकते आहे. तिचा विचार दोन प्रकारे करता येतो. एक, डॉक्टरांसारखा: किडीने आतली नस उघडी पडली, तिथून संदेश मेंदूकडे चालले आहेत. दुसरा, ज्याची दाढ आहे त्याचा: ‘हे असलं दुखणं कधी थांबणार!’ या दुसऱ्या विचारातलं ‘हे असलं’ लक्षात घ्या. त्यात ठणक्याचं वर्णन कुठंच नाही, खुद्द ठणकाच आहे. विचार करायला जे साधन वापरलं तेच विचाराचा विषय आहे. ठणका थांबल्यावर त्याची आठवण काढली तरी मनात त्याची एक फिकी आवृत्ती उठते आणि तिच्यामार्फतच आपण त्याचा विचार करतो. १९९० साली ब्रायन लोअरने आणि पुढे डेव्हिड पॅपिनोने, या दोन तत्त्वज्ञांनी, अशा विचारांची फोड केली आहे. लोअर म्हणतो की ही ‘ओळख पटण्याची’ क्षमता आहे, पुन्हा आलं की ‘तेच ते’ म्हणता येणं. पॅपिनो म्हणतो की अनुभव विचारात जवळजवळ अवतरणासारखा उचलून ठेवलेला असतो.

आता माझं म्हणणं. पाणी म्हणजे हायड्रोजन आणि ऑक्सिजनचं संयुग, हे एकदा कळलं की पुढे कोणी ‘पण मग पाणी कुठं गेलं?’ असं विचारत नाही. ठणका म्हणजे मज्जापेशींची अमुक हालचाल, हे कितीही समजावलं तरी मात्र ‘पण ठणका राहिलाच की’ असं वाटत राहतं. जोसेफ लेव्हाइन या तत्त्वज्ञाने १९८३ साली या जागेला स्पष्टीकरणातली दरी म्हटलं. माझ्या मते ती दरी जगात नाही, आपल्या विचार करण्याच्या रीतीत आहे. मज्जापेशींचा विचार करताना मनात काहीच ठणकत नाही, आतून विचार करताना ठणकतं, आणि दोन विचारांतला हा फरक आपण दोन वस्तूंतला फरक धरून बसतो.

पटतं का? न पटणाऱ्यांनी आधी लिहा.

शहापूर_पेठ

मला लाल आणि हिरवा जन्मापासून वेगळा काढता येत नाही, आणि आमचा धंदा साड्यांचा. म्हणून लिहितोय.

गिऱ्हाईक ‘डाळिंबी दाखवा’ म्हणालं की मी कप्प्याच्या कडेला चिकटवलेली कागदाची पट्टी वाचतो. मेंदी आणि विटकरी माझ्या डोळ्यांना एकच. इरकलीचा टोपतेनी पदर लाल असतो हे मला पाठ आहे, लाल म्हणून तो वेगळा दिसतो असं नाही. तरीही रंगांबद्दल मी दिवसभर बोलतो, आणि बरोबर बोलतो. डाळिंबीवर कुठला काठ उठतो, हळदीला काय नेतात, कुठला रंग पहिल्या धुण्यात सुटतो, कुठला उन्हात उडतो, हे सगळं मला बायकांपेक्षा जास्त ठाऊक आहे. विणकर माझ्याशी रंगावरून वाद घालत नाहीत.

तुमच्या हिशेबाने मी डाळिंबीचा विचारच करू शकत नाही असं होईल. ते मला मान्य नाही.

खानापूर_नाका

काका, तुमच्याकडे डाळिंबीचा विचार आहेच. तो डोळ्यांतून आलेला नाही, समाजाकडून आलेला आहे: ज्यांना दिसतो त्यांच्या बोलण्यावर, कप्प्यांच्या पट्ट्यांवर आणि वर्षानुवर्षांच्या व्यवहारावर उभा आहे. तो खराच डाळिंबीबद्दलचा आहे, म्हणून तर तुमचं चुकत नाही. फक्त ‘तो दिसतो कसा’ याबद्दलचा तो विचार नाही.

तुमच्यासारखीच एक व्यक्ती या विषयात फार गाजलेली आहे, पण ती कल्पनेतली. फ्रँक जॅक्सन या तत्त्वज्ञाने १९८२ साली मेरी नावाची शास्त्रज्ञ रचली. ती जन्मापासून काळ्यापांढऱ्या खोलीत आहे, आणि रंग दिसताना शरीरात जे काही घडतं ते सगळं तिला माहीत आहे. ती बाहेर येऊन पहिल्यांदा लाल वस्तू बघते. तिला काही नवं कळतं का? जॅक्सन म्हणाला, कळतं, म्हणजे शरीराची सगळी माहिती ही सगळी माहिती नव्हे. पुढे जॅक्सननेच हा निष्कर्ष सोडला, मेरी मात्र राहिली.

कल्पनेबाहेरचं उदाहरणही आहे. नॉर्वेचे क्नुट नॉर्डबी यांना जन्मतः कुठलाच रंग दिसत नव्हता, आणि ते स्वतः दृष्टीचे शास्त्रज्ञ होते. रंगदृष्टीचं शास्त्र त्यांना पुरेपूर येत होतं. रंग म्हणजे काय दिसतं हे त्या शास्त्रातून आपल्याला कधी कळलं नाही, असं त्यांनीच लिहून ठेवलं आहे.

मेरीवर डेव्हिड लुईसचं उत्तर वेगळं आहे. तिला नवी माहिती मिळत नाही, नवी कुवत मिळते: लाल ओळखण्याची, आठवण्याची, मनात आणण्याची. मला हे उत्तर अर्धंच वाटतं. ‘हा असा दिसतो तर तो लोकरीचा गोळा लाल नसणार’ असा तर्क मेरी करू शकते. तर्कात नुसती कुवत बसवता येत नाही, तिथं विचारच लागतो.

निपाणी_वाचक

एवढ्या फोडणीची गरज नाही. डॅनियल डेनेट हा तत्त्वज्ञ आयुष्यभर सांगत होता की ‘आतून कसं वाटतं’ नावाची वेगळी चीज मानणं हीच मूळ चूक आहे. मेंदूत काय काय घडतं ते पूर्ण सांगून झालं की उरलेला प्रश्न विरून जातो.

खानापूर_नाका

डेनेटचा आदर आहे. पण शहापूर पेठेतल्या काकांना जे दिसत नाही आणि तुम्हा-आम्हाला दिसतं, ते ‘काहीच नाही’ असं म्हणून विषय मिटत नाही. मी दरी जगात नाही म्हणतोय, अनुभव नाही म्हणत नाहीय.

भूल_विभाग

मी ऑपरेशन थिएटरमध्ये भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या हाताखाली नर्स आहे. दुखण्याचा विचार हा माझ्या रोजच्या ड्युटीचा भाग आहे, त्यामुळे थोडं लांबण लागेल.

रिकव्हरीत पेशंटला आम्ही विचारतो, शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे सोसवत नाही, तर आता किती? मराठीत विचारतो, कानडीत विचारतो, खानापूरकडच्या म्हाताऱ्या बायकांना कोकणीतही विचारावं लागतं. आकडा सांगताना माणूस एक क्षण थांबतो, नजर आत वळल्यासारखी होते. सर म्हणतात ते ‘हे असलं’ त्या क्षणी घडतं, हे मला पटलं.

पण दोन गोष्टी तुमच्या मांडणीत बसत नाहीत.

पहिली. मॉर्फिन दिल्यावर काही पेशंट सांगतात, ‘दुखणं आहे, पण त्याचा त्रास नाही.’ सुरुवातीला हे ऐकून नवख्या मुली गोंधळतात. दुखणं आणि त्रास आपण एकच धरतो. औषधाने ते सुटे झाले म्हणजे आधी दोन होते. मग आयुष्यभर ‘हे असलं’ म्हणून आपण ज्याकडे आतून बोट दाखवत होतो, ते एक होतं की दोन? आतली ओळख इतकी थेट असेल तर हा जोड आधी कोणालाच कसा दिसला नाही?

दुसरी. मिडाझोलाम नावाचं गुंगीचं औषध देऊन दुर्बिणीच्या तपासण्या करतात. पेशंट पूर्ण झोपलेला नसतो. नळी वळणावर गेली की कण्हतो, ‘दुखतंय ओ’ म्हणतो, सांगितलं की कूस बदलतो. तासाभराने चहा घेताना तोच माणूस म्हणतो, ‘काहीच कळलं नाही, एवढं सोपं असेल वाटलं नव्हतं.’ नातेवाईक खूश, डॉक्टर खूश. मी त्याच्या डोक्याशी उभी होते. त्याला दुखलं होतं. पण ते मी सांगायचं, तो नाही सांगू शकत. आपल्या जाणिवेबद्दल आपल्यालाच शेवटचा शब्द असतो म्हणतात, त्याचं इथं काय करायचं?

हुक्केरी_पाठशाळा

अक्कांच्या दुसऱ्या मुद्द्यावर आपल्याकडे फार बारीक चर्चा झालेली आहे. पाश्चात्त्य नावं आली, ही नावंही यायला हवीत.

पाचव्या-सहाव्या शतकातल्या दिङ्नाग या बौद्ध तत्त्वज्ञाचं म्हणणं असं: निळं पाहिलं की नंतर नुसतं निळं आठवत नाही, ‘मी निळं पाहिलं’ हेही आठवतं. जे अनुभवलं नाही त्याची आठवण येत नाही. म्हणजे पाहताना पाहणंही जाणवत होतं. ज्ञान स्वतःलाच उजळतं, हे स्वसंवेदन.

नैयायिकांना, म्हणजे न्यायदर्शन मानणाऱ्यांना, हे मंजूर नाही. आधी ‘हा घट’ असं ज्ञान होतं, मग मनाच्या द्वारे ‘मी घट जाणतो’ असं दुसरं ज्ञान होतं, तो अनुव्यवसाय. मग दुसऱ्याला तिसरं, तिसऱ्याला चौथं लागेल, असा आक्षेप घेतला की ते सांगतात, प्रत्येक ज्ञानाचं ज्ञान व्हायलाच हवं असा नियम नाही. आजच्या काळातल्या डेव्हिड रोझेंथल या तत्त्वज्ञाने १९८६ पासून जे मांडलं, की एखादी अवस्था जाणीवपूर्ण होते ती तिच्याबद्दलच्या दुसऱ्या विचारामुळे, ते याच्या शेजारचं आहे. मीमांसक कुमारिल भट्ट तर आणखी पुढे जातात. त्यांच्या मते ज्ञान प्रत्यक्ष दिसतच नाही. वस्तूवर ‘ज्ञातता’ आलेली दिसते आणि त्यावरून आपण ज्ञानाचं अनुमान करतो.

अक्कांचा पेशंट दिङ्नागाला खोटं पाडत नाही. आठवण असेल तर जाणीव होती, एवढंच दिङ्नाग म्हणतो. आठवण नाही म्हणून जाणीव नव्हती, असं त्यातून निघत नाही. हे उलटं वाक्य आपण सगळे नकळत धरून चालतो.

मॉर्फिनच्या मुद्द्यावर न्यायदर्शन जास्त उपयोगी पडतं. न्याय-वैशेषिकात बुद्धी वेगळा गुण, दुःख वेगळा गुण. दुःख असणं आणि दुःखाचं ज्ञान होणं या दोन घटना आहेत. दोन असल्या की मध्ये चूक शिरायला जागा राहते.

कॅम्प_ग्रंथालय

न पटणाऱ्यांनी आधी लिहा म्हणालात म्हणून लिहितो. सौल क्रिप्की हा तत्त्वज्ञ वरच्या प्रतिसादाच्या अगदी उलट बोलतो. उष्णता आणि उष्णतेची जाणीव वेगळ्या करता येतात, पण दुखण्याच्या बाबतीत दुखल्यासारखं वाटणं म्हणजेच दुखणं. ‘दुखतंय असं वाटतंय पण दुखत नाहीये’ हे वाक्यच उभं राहत नाही. ते खरं असेल तर धागाकर्त्याचं पाण्याचं उदाहरण लागू पडत नाही. पाणी दिसतं कसं हे आपण पाण्यापासून वेगळं काढून ठेवू शकतो. दुखण्यात मागे काढून ठेवायला काही उरतच नाही.

याहून मोठी अडचण डेव्हिड चाल्मर्स या तत्त्वज्ञाची. माझ्यासारखाच अणुरेणूने बनलेला, पण आत काहीच जाणवत नसलेला देह कल्पा. धागाकर्ते म्हणतात तशी विचार करण्याची खास रीत त्या देहाकडे असेल का? असेल, तर त्या रीतीने आपली जाणीव समजावता येत नाही, कारण रीत तीच असून त्याला जाणीव नाही. नसेल, तर अणुरेणू सगळे सारखे असूनही एक गोष्ट कमी पडली, म्हणजे ती रीत शरीराच्या हिशेबात बसत नाही. दोन्हीकडून दार बंद.

खानापूर_नाका

हा आक्षेप या सगळ्या मांडणीवरचा सर्वांत जड आक्षेप आहे, आणि तो इतका स्वच्छ लिहिल्याबद्दल मनापासून आभार.

माझं उत्तर कॅटलिन बालोग या तत्त्वज्ञ बाईंच्या वाटेने जातं. त्या देहाकडेही बाहेरून तशीच दिसणारी रीत असेल. त्याच्या विचारात उचलून ठेवलेलं जे आहे ते अनुभव नाही, एवढाच तुमच्या कल्पनेतला फरक. पण तसा देह खरोखर असू शकतो हे ठरवलं कशावरून? कल्पना करता येते यावरूनच. आणि कल्पना करता येते ती याच दोन रीतींमुळे: आतून विचार करताना शरीर डोळ्यांसमोर नसतं, शरीराचा विचार करताना आतलं काही हलत नाही, म्हणून एकाला दुसऱ्याशिवाय कल्पिणं सोपं जातं. म्हणजे आक्षेप ज्या पायावर उभा आहे, तोच पाया आधी तपासायला हवा.

यावर तुम्ही म्हणाल की मी गोल फिरतोय. बाहेर पडायचा रस्ता दोन्ही पक्षांना नाही, असं मला वाटतं. पण माझ्या बाजूला एक जमेची गोष्ट आहे. अनुभव शरीरावेगळा मानला तर ‘दुखतंय’ हा शब्द तोंडातून कशामुळे निघाला हे सांगता येत नाही. ओठ हलवायला नसा पुरेशा असतील, तर त्या वेगळ्या दुखण्याने केलं काय?

सदलगा_शिवार

मी काय तत्त्वज्ञान शिकल्याला न्हाई, खरं रोज वाचूलालोय म्हणून विचारतो.

म्हशीचं पोट फुगलं की मला लगेच कळतंय. रवंथ थांबवती, दात खाती, मागच्या पायानं पोटावर मारून घेती, उठती-बसती. डाव्या कुशीवर टिचकी मारली की डब्ब वाजतंय. ती काय बोलत न्हाई, आकडा सांगत न्हाई. खरं तिला दुखतंय यात मला तिळभर शंका नसती. आता सर म्हणत्यात की दुखण्याचा विचार आपल्या आतल्या दुखण्यानंच करायचा. मग म्हशीच्या दुखण्याचा विचार मी कुठल्या दुखण्यानं करूलालोय? माझं पोट तर दुखत न्हाई त्या टायमाला.

भूल_विभाग

दादा, अगदी बरोबर जागी बोट ठेवलंत. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली व्याख्या सुधारली, तिच्याबरोबरच्या टिपांत हेच आहे: सांगणं हा वेदना दाखवण्याचा एक प्रकार झाला. सांगता येत नाही म्हणून माणसाला किंवा जनावराला वेदना नाही असं ठरत नाही. बोलता न येणाऱ्या तान्ह्या बाळांसाठी आम्ही चेहरा, पाय, रडणं बघूनच आकडा मांडतो.

खानापूर_नाका

सदलग्याच्या दादांच्या प्रश्नाने माझ्या मांडणीत एक भर पडते, ती इथं लिहून ठेवतो.

विट्गेन्श्टाइन या तत्त्वज्ञाच्या १९५३ साली छापलेल्या लिखाणात एक दाखला आहे. प्रत्येकाकडे एक डबी आहे, प्रत्येक जण म्हणतो माझ्या डबीत भुंगा आहे, आणि दुसऱ्याच्या डबीत कोणालाच बघता येत नाही. मग ‘भुंगा’ या शब्दाच्या वापरात डबीतल्या वस्तूला काही कामच उरत नाही. दुखण्याची कल्पना नुसत्या आतल्या बोट दाखवण्यावर उभी असती तर तिची हीच गत झाली असती. लहान मूल ‘दुखतंय’ म्हणायला शिकतं ते पडल्यावर, आईने गुडघा बघून ‘दुखतंय का रे’ विचारल्यावर. आतलं आणि बाहेरचं एकाच वेळी गाठ मारून येतं. म्हशीच्या बाबतीत दादा त्या गाठीचं बाहेरचं टोक धरतात आणि आतल्या टोकाला ओढ बसते. पोट फुगण्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी असेल तर तो त्या विचारात वापरला जातो, त्या क्षणी दुखायला लागत नाही. आठवणीतली फिकी आवृत्ती पुरते.

बारापेडेच्या वटवाघळापाशी हेच अडतं. बाहेरचं टोक हातात आहे, आवाज आहे, उडणं आहे, पण आतल्या टोकाला बांधायला प्रतिध्वनीतून जाणवण्याचा अनुभव आपल्याकडे नाही. शेपटी पिरगळली तर त्याला दुखतं हे मात्र आपल्याला समजतं. म्हणजे परकेपणाही सरसकट नाही, अनुभवागणिक वेगळा आहे.

अक्कांच्या मॉर्फिनच्या मुद्द्याला मी मान देतो. आतून ओळख पटते याचा अर्थ आतलं सगळं उलगडून दिसतं असा नाही. दोन गोष्टी कायम जोडीने आल्या तर ओळख जोडीचीच पटणार.

शहापूर_पेठ

एक राहिलं होतं ते सांगतो. रंग न दिसणाऱ्यांसाठी खास काचेचे चष्मे निघालेत, मुलाने हौसेने आणला. त्याने सगळ्यांसारखी नजर येत नाही, ते डोळ्यांच्या डॉक्टरांनीही सांगितलं होतं. पण काही थप्प्यांत फरक पडला. मेंदी आणि विटकरी शेजारी ठेवले की आता दोन दिसतात. कुठला मेंदी आणि कुठला विटकरी, ते मात्र पट्टीच वाचून सांगावं लागतं. आणि चष्मा काढला की मघाशी कसे वेगळे दिसत होते ते मनात आणता येत नाही. मग मला नवा विचार मिळाला की नाही?

खानापूर_नाका

काका, हे फार मोलाचं निरीक्षण आहे. फरक दिसणं आणि ‘तोच तो’ अशी ओळख पटणं या दोन पायऱ्या आहेत, आणि तुम्ही पहिलीवर उभे आहात. लोअरच्या अर्थाने विचार दुसऱ्या पायरीवर तयार होतो, पॅपिनोच्या अर्थाने तो पहिल्या पायरीवरच, चष्मा डोळ्यांवर असेपर्यंत, असायला हवा. दोघांतलं कोण बरोबर हे तुमच्या दुकानात तपासता येईल. चष्मा लावून पट्टी झाका, मुलाला एकेक साडी सुटी दाखवायला सांगा, शेजारी दुसरी ठेवू नका, आणि नाव न घेता फक्त ‘मघाचाच की वेगळा’ एवढंच सांगत जा. सवयीने ते जमायला लागलं, तर चष्मा काढल्यावर तो रंग मनात येतो का, हे त्यानंतर बघा आणि इथं लिहा.

शहापूर_पेठ

रविवारी दुकान बंद असतं, तेव्हा बसतो मुलाला घेऊन. मेंदी-विटकरीबरोबर गुलाबी आणि राखाडीही घेतो, तिथंही माझी गल्लत होते.